माझ्या नावावरची चार घरं

माझ्या नावावर चार घरं आहेत, ही थाप मी गेली वीस वर्षं मारत आलो. हळदीच्या सौद्यात मारली, सोयऱ्यांच्या लग्नात मारली, एस.टी.त शेजारी बसलेल्या आणि झोपायला आलेल्या परक्या माणसांना जागं करकरून मारली. श्रोता भोळा निघाला तर चाराची सहा व्हायची, आणि त्यातलं एक पाचगणीला असायचं. तिथल्या परसात वांग्याएवढ्या स्ट्रॉबेऱ्या लागतात आणि त्या तोडायला शिडी लागते, असंही मी सांगून ठेवलेलं आहे. आजवर एकानेही मला खोटं पाडलं नाही.

म्हणूनच, माझ्या नावावर खरोखरच चार घरं आहेत असं आमच्या सी.ए. मॅडमनी शांतपणे सांगितलं तेव्हा मला दरदरून घाम फुटला. खोटं बोलून पकडला गेलेला माणूस जगात पुष्कळ सापडेल. थाप खरी निघाल्यामुळे पकडला गेलेला बहुधा मी एकटाच.

झालं होतं असं. साताऱ्याच्या बाहेर हायवेला लागून माझा एक प्लॉट होता. पूर्वी मी तो एका जुन्या जीपच्या किमतीत घेतला होता, आणि घेतला तो एका दलालाचं तोंड बंद व्हावं म्हणून. तेव्हा तिथं कुसळं आणि घोरपडी याशिवाय काही नव्हतं. जमीन इतकी उतरती की तिथं उभं राहून चहा प्यायचा तर कप वाकडा धरावा लागायचा. घरी हा प्लॉट 'घोरपडीचं माहेर' म्हणून ओळखला जाई. आणि एके दिवशी एक हॉटेलवाला आला, त्याच उतारावर उभा राहिला, म्हणाला, "इथून व्ह्यू चांगला आहे," आणि त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मी पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. तो माझ्याशीच बोलतोय ना, याची मला खात्री करून घ्यायची होती.

माझा धंदा सांगलीत. हळद घ्यायची, पॉलिश करायची, दळायची, पाठवायची. माझं बोलणं कितीही फुगवलेलं असलं तरी हळद चोख असते. त्या हळदीच्या कारखान्याची कागदपत्रं मिरजेच्या एक सी.ए. मॅडम बघतात. वयानं माझ्या मुलीएवढ्या, मला काका म्हणतात, आणि मी बोलायला लागलो की पेनाचं टोपण लावून ठेवतात. माझं संपलं की टोपण काढतात आणि त्यातलं एकच वाक्य लिहून घेतात.

मी पेढे घेऊनच गेलो. मॅडमनी एक पेढा घेतला आणि म्हणाल्या, "काका, नफा मोठा आहे. कर पण मोठा बसेल."

"किती मोठा?"

त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. मी पेढ्यांचा पुडा पुन्हा बांधायला घेतला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "रस्ता आहे. प्लॉटचे आलेले सगळे पैसे तुम्ही एका नव्या राहत्या घरात घातलेत, दोन वर्षांत विकत घेऊन किंवा तीन वर्षांत बांधून, तर हा कर माफ होतो. तोवर पैसे बँकेत त्यासाठीच्या खास खात्यात ठेवायचे. सगळं सरळ, कायद्यातलं."

मी पुडा पुन्हा सोडला. सांगलीला नदीपासून लांब, पुराचं पाणी स्वप्नातसुद्धा येणार नाही अशा उंचीवर एक बंगला माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. त्याला मी बसल्या बसल्या दुसरा मजलासुद्धा चढवला.

"एकच अट आहे," मॅडम म्हणाल्या. "ज्या दिवशी प्लॉट विकाल, त्या दिवशी तुमच्या नावावर एकापेक्षा जास्त राहतं घर नको. तुमचा हा सांगलीतला फ्लॅट आहे, तो चालेल. बाकी काही आहे का?"

आणि इथे माझ्या तोंडाला सवयीनं गती आली. "आहेत की. चार घरं आहेत माझी," मी म्हणालो.

मॅडमनी टोपण काढलं. "कुठे कुठे?"

मी हसलो, म्हटलं अहो बोलायची पद्धत. पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी गावाचं नाव विचारलं, आठ दिवसांनी ग्रामपंचायतीचे उतारे मागवून घेतले, आणि ते टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. एक, दोन, तीन. तिन्ही उताऱ्यांवर माझं नाव होतं. फ्लॅट धरून चार.

हे कसं झालं ते सांगतो. आमचं गाव सातारा जिल्ह्यात. वडिलांनी शेवटच्या काळात तिघा भावांसाठी तीन स्लॅबची घरं एका रांगेत बांधली, इतकी सारखी की घरं झाल्यावर धाकटा पहिल्यांदा फौजेतून सुट्टीवर आला तेव्हा चुकून माझ्या घरात शिरला, जेवला, झोपला आणि सकाळी उठून म्हणाला, माझ्या घराला रंग कुणी दिला. वडील जाताना सांगून गेले, "घरं वाटू नका. ज्यात जो राहतोय त्यात त्यो राहू दे, पर तिन्ही घरांवर तिघांची नावं राहू द्या. म्हंजी कुणाला कुणाचं घर इकता यायचं न्हाई." आमच्याकडे गावोगाव हीच रीत. नाव म्हणजे कुलूप, आणि प्रत्येकाच्या दाराला सगळ्या भावांची कुलपं. वडील गेल्यावर वारसाला चार नावं लागली होती. चौथं नाव बहिणीचं, आमच्या आक्काचं. तिनं भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी हक्कसोडपत्रावर सही केली, हिरवी साडी घेतली आणि जतला आपल्या घरी गेली. तीही आमच्याकडची रीतच.

"पर मॅडम, ती काय माझी घरं न्हाईत," मी म्हणालो. घाबरलो की माझी भाषा गावाला जाते. "माझा तिसरा हिस्सा हाय नुसता."

"काही कोर्टं म्हणतात हिस्सा म्हणजे घर नाही. काही म्हणतात हिस्साही घरच. तुम्हाला दहा वर्षं भांडायचंय, की एक दिवस सही करायचीये?"

"कसली सही?"

"हक्कसोड. प्लॉटच्या आधी."

मी तिन्ही उतारे उचलून परत एकावर एक रचले. मॅडमना वाटलं मला पटलं नाही, म्हणून त्यांनी दुसरी बाजू लावून धरली. "शिवाय तुमचा धंदा एकट्याच्या नावावर आहे. उद्या एखाद्या परदेशी गिऱ्हाइकानं कंटेनर परत पाठवला, दावा लावला, आणि निकाल विरुद्ध गेला, तर वसुली तुमच्या जे जे नावावर आहे त्यावर येते. त्यात तुमच्या भावांच्या घरातला तुमचा हिस्सासुद्धा आला. तुमच्या हळदीपायी त्यांच्या दारावर नोटीस लागेल. कितीदा सांगितलं, कंपनी करा."

"मॅडम, मीच कंपनी आहे."

"तोच तर घोळ आहे. कंपनी म्हणजे कुंपण. धंदा कुंपणाच्या आत, घर बाहेर. फक्त बँकेत जाऊन स्वतः जामीन म्हणून सही केलीत की तुम्हीच त्या कुंपणाला फाटक करता. मग बँक त्या फाटकातून सरळ स्वयंपाकघरापर्यंत येते. तेव्हा सही करताना वाचत जा."

मी आयुष्यात एकही कागद वाचून सही केलेली नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांना माहीत होतं.

हॉटेलवाल्यानं सोमवार धरला होता. धाकटा भाऊ सुट्टीवर आला होता आणि शुक्रवारी संध्याकाळी त्याची गाडी होती. तो एकदा सीमेवर गेला की पुन्हा सहीला मिळायला सहा महिने. म्हणजे शुक्रवारी दुपारपर्यंत तिन्ही घरांवरून माझं नाव निघालं तर निघालं, नाहीतर कॅल्क्युलेटरवरचा आकडा भरायचा. तेवढा भरला तर नवा बंगला तर राहू द्या, त्याचं फाटकसुद्धा येत नव्हतं.

मंगळवारी मी गावी गेलो. अशा उत्साहात की सांगली ते गाव हे अंतर माझ्या गाडीनं चाळीस मिनिटांत कापलं. बायको शेजारी बसली होती, ती दीड तास म्हणते. तिचं घड्याळ तिच्यापाशी.

दादा, म्हणजे थोरला भाऊ, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. घराच्या पायरीवर बूट पॉलिश करत बसला होता. निवृत्तीला पंधरा वर्षं झाली, बूट घालून जायला कुठं नाही, पण रोज पॉलिश होतं. मी त्याला सगळं सांगितलं. कर सांगितला, अट सांगितली, बंगला सांगितला. त्यानं ब्रश थांबवला नाही. म्हणून मी ठेवणीतलं काढलं.

"आवं दादा, तुमच्याच भल्याचं हाय. उद्या माझ्या हळदीत काय झालं, तर कोर्टाचा माणूस येऊन तुमच्या स्वयंपाकघरात खडूनं रेघ मारंल. चूल तुमची, मिसळणाचा डबा कोर्टाचा. वैनी भाजीला फोडणी घालायच्या आधी अर्ज करंल."

माझी खात्री होती की एवढ्यावर दादा पेन मागेल. त्याने ब्रश खाली ठेवला.

"मंग येऊ दे की कोर्टाचा माणूस," तो म्हणाला. "तुजं बुडलं तर माजं बी बुडू दे. भाऊ हायेस नव्हं?"

"आवं, पर बुडवायचं कशाला, जर एका सहीत..."

"तुजं नाव काडलं तर गाव काय म्हनंल? थोरल्यानं धाकल्याला घरातनं हाकलला. मी न्हाई सही घेनार. कर भर."

पुढे दोन तास मी काय काय बोललो ते सगळं लिहिलं तर कागद पुरणार नाही. दादाचा दुसरा बूटही चमकायला लागला, पहिला तर इतका चमकला की त्यात मला माझं पडलेलं तोंड दिसत होतं. धाकटा मध्ये येऊन बघून गेला. तो फौजेत सिग्नलवर आहे, बोलत फारसा नाही. "दादा म्हणतील तसं," एवढंच म्हणाला.

अशा अडचणीत धमकी द्यायला उपयोगी पडेल असं दादाच्या वरचं माणूस घरात एकच होतं. वयानं ती दादापेक्षा लहान, पण जिभेनं वरिष्ठ. मी आक्काला फोन लावला.

आक्का जतच्या पलीकडे, कर्नाटकाच्या अंगाला दिलेली. पावसाची ज्वारी आणि मेंढरं. उन्हाळ्यात टँकर येण्याच्या वेळेवर तिथं लग्नाचे मुहूर्त धरतात, हे मी थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच. चाळीस वर्षं तिथं राहून आक्का रागावली की कानडीत जाते, आणि मग समोरच्याला काही कळलं नाही तरी सगळं कळतं.

मी तिला अट सांगितली, प्लॉट सांगितला, दादा सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी तू हक्कसोड करनार."

"व्हय."

"तू."

"व्हय गं आक्का."

"येते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ती हसत होती की काय, ते मला कळलं नाही.

गुरुवारी दुपारच्या एस.टी.नं आक्का आली. हातात बाजाराची पिशवी, वरून पदरानं झाकलेली. आल्या आल्या पाणी प्यायली, दादाच्या समोर मांडी घालून बसली आणि तिनं एकही शब्द इकडचा तिकडचा काढला नाही.

"दादा, मी सही केली तवा तू काय म्हनला हुतास?"

दादानं खुंटीवरच्या टोपीकडे बघितलं.

"तू म्हनलास, सहीनं काय नातं तुटतंय व्हय, माहेर तुजंच हाय. म्हनला हुतास का न्हाई?"

"म्हनलो हुतो."

"मंग माजं तुटलं न्हाई, तर ह्येचंच कसं तुटंल? का माजंबी तवाच तुटलंय, आन् मला सांगायचं राहिलंय?"

मी तिथं होतो. माझ्यासारखा माणूस, जो मौतीला गेला तरी गप्प राहत नाही, तो दारात उभा राहून दाराची कडी खालीवर करत होता. भिंतीवरचं घड्याळ एवढ्या मोठ्यानं वाजत होतं की मला वाटलं पलीकडच्या दोन्ही घरांत ऐकू जात असेल. वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि तशाच परत आत गेल्या.

दादा उठला, खुंटीवरची टोपी काढली, झटकली, परत खुंटीला लावली.

"उद्या सकाळी आट वाजता निगायचं," तो म्हणाला. "उशीर नको."

फौजी माणसाचं 'उशीर नको' म्हणजे काय ते शुक्रवारी कळलं. साडेसहाला तो अंगणात बूट घालून उभा. त्या बुटांना पंधरा वर्षांनी काम मिळालं होतं. तालुक्याच्या गावी आम्ही पोचलो तेव्हा नोंदणी कार्यालयाचं कुलूप उघडायचं होतं आणि बाहेर ताडपत्रीखाली दस्त टाईप करून देणारा नुकती उदबत्ती लावत होता. मॅडमनी मजकूर आधीच पाठवून ठेवला होता. दादाच्या घरातला माझा हिस्सा दादा आणि धाकट्याला, धाकट्याच्या घरातला तसाच. दोन हक्कसोडपत्रं तयार.

"आणि तिसरं?" टाईपवाल्यानं विचारलं. "तुमचं स्वतःचं. त्यातला हिस्सा कुणाला सोडताय?"

आता गंमत बघा. चार घरांची बढाई मारणाऱ्या माणसानं तिसऱ्या घराचा विचारच केला नव्हता. मॅडमनी दोनदा विचारलं होतं आणि मी दोन्ही वेळा "बघू" म्हणालो होतो. त्या घरात मी वर्षातून जत्रेचे चार दिवस राहतो. त्याचं नाव काढायचं म्हटलं की जीभ आत जात होती.

"दादा, तुमीच घ्या," मी म्हणालो.

"मला एक हाय. दोन घरांत एकटा कसा झोपू?"

"मग धाकट्या, तू."

"माझं मलाच रंगवायला होत नाही," धाकटा म्हणाला.

टाईपवाला की-बोर्डवर बोटं ठेवून वाट बघत होता. त्याच्यामागे दहा माणसं उभी. दादा बुटाकडे बघत होता. मग त्यानं मान वर न करताच सांगितलं,

"तिसरं आक्काच्या नावावर घाला. माजा हिस्सा बी, ह्येचा बी, धाकल्याचा बी. सगळं घर."

ही कल्पना माझीच होती असं मी सांगलीत, मिरजेत आणि साताऱ्याच्या निम्म्या बाजारपेठेत सांगितलेलं आहे. इथं लिहितोय म्हणून खरं लिहितो. ती दादाची होती.

मी लगेच मॅडमना फोन लावला. उत्साहात एवढ्या मोठ्यानं बोललो की फोनशिवायसुद्धा मिरजेला ऐकू गेलं असतं. मॅडम म्हणाल्या, ते हक्कसोड नाही, बक्षीसपत्र होईल, मुद्रांक वेगळा लागेल, पण बहिणीला दिलं तर तिला त्यावर प्राप्तिकर नाही आणि तुम्हा भावांनाही नाही. "आधार कार्ड आहे का त्यांचं?"

आक्का ताडपत्रीच्या खांबाला टेकून उभी होती. तिनं कमरेचा बटवा सोडला, त्यातून सुपारी निघाली, एस.टी.ची जुनी तिकिटं निघाली आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं आधार कार्ड निघालं. तिनं ते टाईपवाल्यापुढं धरलं.  

मग सर्व्हर बंद पडला.

ज्याने महाराष्ट्रात एकदा तरी दस्त नोंदवला आहे त्याला यापुढचं सांगायला नको. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. धाकट्याची पेटी माझ्या गाडीत होती, त्याची रेल्वे संध्याकाळची. माझा बंगला डोळ्यांसमोर एकेक मजला उतरत होता. दर दहा मिनिटांनी मी आत जाऊन विचारत होतो, इतकं की शेवटी लिपिक म्हणाला, "काका, तुम्ही बाहेर थांबलात तर नेट चालेल, तुमच्या आवाजानं सिग्नल अडतोय." दोन वाजता सर्व्हर आला आणि आमचा नंबर लागला.

फोटो झाले. दादानं अंगठा ठेवला, झालं. धाकट्यानं ठेवला, झालं. मी ठेवला, मशीन लाल.

पुन्हा ठेवला. लाल. डावा ठेवला. लाल.

लिपिकानं माझा अंगठा धरून उजेडात बघितला. तीस वर्षांची हळद. रेषांमध्ये बसून बसून अंगठा गुळगुळीत आणि पिवळाजर्द झालेला. मला लोक सांगलीत तळहात बघून ओळखतात असं मी म्हणतो, त्यात थाप फार थोडी आहे. "पुसून या," तो म्हणाला. मी नळावर गेलो, नळाला पाणी नव्हतं. रुमालानं घासला, केसांना घासला, भिंतीलाही घासला, आणि भिंतीवर अजून डाग आहे. लाल, लाल, लाल. धाकटा घड्याळ बघत नव्हता, पण तो बघत नाहीये हे मला दिसत होतं.

"सरक," आक्का म्हणाली.

तिनं बाजाराच्या पिशवीवरचा पदर काढला. आतून नारळ निघाला, पांढरी टोपी निघाली आणि घडीचा नवाकोरा टॉवेल निघाला. आमच्याकडे पाहुण्या पुरुषाला आहेर करायचा तो असाच, टॉवेल-टोपी आणि नारळ. लिपिक बघायला लागला. मागची रांग बघायला लागली.

"ह्ये काय गं आक्का?"

"मी सही केली तवा तुमी मला साडी दिलीसा," ती म्हणाली. "आज तू सही करतोयस. तुला मोकळ्या हातानं कसं पाठवू?"

तिनं बाटलीतलं पाणी टॉवेलच्या कोपऱ्यावर ओतलं, माझा हात धरला आणि अंगठा घासायला सुरुवात केली. लहानपणी शाळेत जाताना माझी मान घासायची तशीच, कातडं निघेपर्यंत. टॉवेलचा कोपरा पिवळा झाला, मग आणखी पिवळा. रांगेतला कुणी तरी म्हणाला, "हळद लागली, नवरी कुठाय?" आक्कानं कानडीत त्याला दोनच शब्द ऐकवले आणि तो गप्प बसला.

मी अंगठा ठेवला. हिरवा.

मग आतल्या साहेबांनी मान वर करून, रोज शंभरदा विचारतात तसं एका दमात विचारलं, "दस्त वाचला का, मजकूर कबूल आहे का, राजीखुशीनं करताय का, कुणाचा दबाव नाही ना?"

हाच प्रश्न बारा वर्षांपूर्वी याच खोलीत आक्काला विचारला होता. मी तिच्या मागे उभा होतो, हातात साडीची पिशवी, आणि तिला उत्तर द्यायला उशीर लागला म्हणून मीच पुढं होऊन म्हणालो होतो, "व्हय साहेब, राजीखुशीनं." साहेबांनी तेव्हा माझ्याकडे बघितलंही नव्हतं.

आता ती माझ्या मागे उभी होती, हातात पिवळा टॉवेल. मी थांबलो. एक क्षण थांबलो, खोटं नाही सांगत, एकच क्षण. आक्का पुढं झाली नाही. तिनं मला बोलायला वेळ दिला.

"राजीखुशीनं," मी म्हणालो. आवाज असा बारीक निघाला की लिपिकानं कान पुढं केला. माझा आवाज कुणाला ऐकू आला नाही असं आयुष्यात एवढं एकदाच झालं.

त्यानंतर बक्षीसपत्रावर आक्कानं सही केली. साहेबांनी तिला विचारलं, "बक्षीस स्वीकारता का?" ती म्हणाली, "व्हय," आणि लगेच, "पर घरात ट्यूबलाईट बदलायला झालीया, ती कोन बदलनार?" दादा म्हणाला, "आता मालकीन तू. तूच बदल."

धाकट्याला गाडी मिळाली. सुटता सुटता मिळाली, आणि मी पेटी घेऊन डब्यामागं इतका पळालो की पुढचं स्टेशन माझ्यासाठी आधीच येऊन थांबलं होतं. गावात कट्ट्यावर दोन दिवस चर्चा झाली की माझा धंदा बुडाला आणि भावांनी नाव काढलं. तिसऱ्या दिवशी समजलं की घर बहिणीला दिलं, तेव्हा तर लोकांची खात्रीच पटली की बुडालाच, आणि लय मोठा बुडाला.

सोमवारी प्लॉट विकला. हॉटेलवाल्यानं सही करताना विचारलं, "काका, आणखी प्रॉपर्टी किती तुमची?" मॅडम शेजारीच बसल्या होत्या, टोपण काढलेलं. मी म्हणालो, "एक फ्लॅट." तोंडात पाणी यावं तसं होत होतं, पण तेवढंच म्हणालो. पैसे त्या खास खात्यात गेले, सांगलीत उंचावर घर बांधायला घेतलं, कर माफ झाला. हळदीची कंपनीही केली. बँकेत जामिनाची सही करायची वेळ आली तेव्हा मी पहिल्यांदा अख्खा कागद वाचला. बँकेच्या साहेबांना वाटलं मला बरं वाटत नाहीये, त्यांनी पाणी मागवलं.

पण हे सगळं एका बाजूला. उन्हाळ्यात ग्रामपंचायतीची घरपट्टी निघाली. तिसऱ्या घराच्या पावतीवर आक्काचं नाव छापून आलं. दादानं फोन करून सांगितलं, मी भरतो, तू एवढ्या लांबून येऊ नकोस, बसचं भाडं पट्टीपेक्षा जास्त होईल. आक्का म्हणाली, "इल्ल." म्हणजे कानडीत नाही.

ती आली. जतहून पहाटेची एस.टी. पकडून, दोन गाड्या बदलून, उन्हातनं ग्रामपंचायतीत गेली. खिडकीवरच्या पोरीनं पावती जाळीखालून सरकवली तेव्हा तिनं परत आत सरकवली आणि म्हणाली, "नाव मोट्यानं वाच." पोरीनं वाचलं. आक्कानं पदराच्या गाठीतनं पैसे काढून ठेवले, पावतीची घडी घातली आणि बटव्यात आधार कार्डाच्या शेजारी ठेवली.

मी तेव्हा तिच्या मागे उभा होतो. गेल्या वर्षी मी एवढा मोठा कर वाचवला की सांगलीत तीन महिने दुसरं काही बोललो नाही. पण कर भरून कुणी एवढ्या ऐटीत खिडकीपासून वळलेलं मी बघितलं नव्हतं.

"चल," ती मला म्हणाली. "माज्या घरी चा घेऊन जा."